लॅब्राडोर आणि कारवान कुत्र्यांना पोहायला शिकवायचंय: शेततळं, चारी की पाझर तलाव?

दुधनाकाठ
राम राम मंडळी. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो, तेव्हा कुत्र्यांना पाण्याचा आनंद मिळावा म्हणून आत्तापासून तयारी करतोय. अंबड तालुक्यात शेत आहे. एक लॅब्राडोर, वय १४ महिने, वजन २९ किलो. एक कारवान मादी, २ वर्षांची. दोघांचंही लसीकरण पूर्ण आहे.

पाण्याच्या जागा तीन: शेतातलं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं प्लास्टिकचं अस्तर टाकलेलं शेततळं, जायकवाडीच्या डाव्या कालव्याची चारी (शेतात पाणी आणणारा पाट), आणि दीड किलोमीटरवर एक जुना पाझर तलाव. यातली कोणती निवडावी? शिकवायचं कसं? तरंगायचं जॅकेट खरंच लागतं का? पोहून झाल्यावर काय बघायचं? गावात सगळे म्हणायलेत की कुत्र्याला पोहणं उपजतच येतं. माहीतगारांनी सविस्तर लिहावं.

बाभूळबन
उपजतच येतं. म्हशीला कोण शिकवतंय? सोडा पाण्यात, आपोआप पाय मारायलागतंय.

गोठा_दवाखाना
पाय मारणं उपजत असतं, पोहणं नाही. पाण्यात टाकलेलं बहुतेक प्रत्येक कुत्रं पाय हलवतं. पण नवखं कुत्रं घाबरून पुढचे पंजे पाण्याबाहेर काढून आपटायला लागतं. मग मागचा भाग खाली जातो, अंग उभं होतं आणि दोन-तीन मिनिटांत दम संपतो. पोहणारं कुत्रं पाण्यात आडवं राहतं, पाठ आणि शेपटी पृष्ठभागालगत असते, पंजे पाण्याखालीच चालतात. आवाज फारसा होत नाही. छपछप जितकी जास्त, तितकं कुत्रं अडचणीत आहे असं समजा.

शरीराची ठेवणही महत्त्वाची. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावर मच्छीमारांसोबत काम करायचे. दुहेरी केस, बोटांमधला पडदा, बुडाशी जाड असलेली शेपटी, हे सगळं त्याला पाण्यात मदत करतं. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांचं उलटं आहे. तोंड आखूड, त्यामुळे नाक पाण्यावर ठेवायला मान मागं टाकावी लागते आणि ती मागं गेली की धड बुडतं. शिवाय श्वास आधीच अपुरा. डॅशहुंडचे पाय आखूड, धड लांब. या जातींना खोल पाणी नकोच, पोटाला लागेल इतकंच बस.

मांजराकाठ
दुधनाकाठ दादा, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण शेततळ्यात कुत्रं सोडू नका. आहे त्या अवस्थेत तर अजिबात नाही.

कारण सांगतो. अस्तराचा कागद ५०० मायक्रॉनचा, गुळगुळीत. पाणी साठून महिनाभर झाला की त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर येतो. उतार साधारण एकास एक किंवा दीडास एक, म्हणजे एक मीटर खोलीला आडवं अंतर एक किंवा दीड मीटर. ३ मीटर खोलीला उताराची लांबी एकास एकला सव्वाचार मीटर आणि दीडास एकला जवळपास साडेपाच मीटर होते. कुत्र्याची नखं त्यावर धरतच नाहीत. ते आत उतरतं, तहान भागवतं, मागं फिरतं आणि घसरतं. मग कडेकडेनं पोहत राहतं, प्रत्येक ठिकाणी वर चढायचा प्रयत्न करतं. पोहण्यापेक्षा या चढण्यात त्याची ताकद जास्त जाते. उत्तम पोहणारा लॅब्राडोरसुद्धा इथं बुडतो, कारण प्रश्न पोहण्याचा नाहीच. बाहेर कुठून पडायचं, हा आहे.

कोणतीही जागा बघताना हाच पहिला प्रश्न विचारा. कुत्रं दमलेलं असताना, कुणाच्या मदतीशिवाय, किती ठिकाणांहून बाहेर येऊ शकतं?

सिंदफणा_शेती
मांजराकाठ यांच्याशी सहमत. शेततळ्याच्या मालकाच्या बाजूनंही एक सांगतो. कुत्र्याची नखं वारंवार एकाच जागी घासली तर कागद पातळ होतो, घडीवर आणि वेल्डिंगच्या जोडावर फाटतो. एक छिद्र पडलं की फळबागेचं उन्हाळ्याचं पाणी गेलं. त्यामुळे कुत्र्यासाठी शेततळं वापरणं दोन्हीकडून तोट्याचं. कुंपण करा, विषय संपला.

मांजराकाठ
कुंपण हवंच. पण त्यानं विषय संपत नाही. रानडुक्कर तार वाकवतं, फाटक उघडं राहतं, पंप काढायला माणूस आत जातो आणि कुत्रं मागोमाग. म्हणून कुंपणाच्या आतही सुटकेची सोय ठेवायची. आपल्याच कुत्र्यासाठी नाही, हरणं, ससे, मुंगूस, आणि एखादं लेकरू, सगळ्यांसाठी.

काथ्याची जाळी किंवा जाड काथ्याच्या दोराची विणलेली पट्टी, रुंदी किमान ३ फूट. ती काठापासून थेट तळापर्यंत सोडायची. बरेच जण पाण्याच्या पातळीपर्यंतच सोडतात आणि इथंच चुकतं. फेब्रुवारीनंतर पातळी खाली जाते, जाळीचं टोक कोरड्यात लटकतं आणि खाली उरतो तोच निसरडा कागद. वरचं टोक अस्तराची कड पुरलेल्या चराच्या बाहेर, बांधावर पुरलेल्या खुंटाला बांधा. कागदाला खिळा, तार, हूक काही लावायचं नाही. खालचं टोक तरंगू नये म्हणून वाळू भरलेली गुळगुळीत पोती बांधा, दगड नको. अशी सोय चारी बाजूंना एकेक, निदान समोरासमोर दोन तरी. काथ्या सडतो, दरवर्षी पावसाळ्याआधी ओढून बघा.

सिंदफणा_शेती
हे पटलं. काथ्याच्या पट्टीमुळे नखं कागदाला लागतही नाहीत. जुने ट्रकचे टायर एकमेकांना बांधून सोडले तरी चालतात, पण आतली तार बाहेर आलेला टायर घेऊ नका.

येलदरी
आता चारीबद्दल. डावा कालवा २०८ किलोमीटरचा. मुख्य कालव्यात आणि मोठ्या वितरिकेत कुत्रं उतरवायचं नाही. आवर्तन (पाळीचं पाणी) सुटलेलं असताना पाणी शांत वाटतं, पण काँक्रीटच्या उतारावर पाय टिकत नाही आणि प्रवाह पुढच्या गेटाकडं किंवा मोरीकडं (रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या नळाकडं) नेतो. मोरीच्या नळकांड्याच्या तोंडाशी ओढ असते, तिथं अडकलेलं जनावर दाबानं चिकटून राहतं.

शेतातली शेवटची चारी वेगळी. पाणी गुडघ्याखाली, प्रवाह मंद, दोन्ही बाजूंना मातीचा काठ. नवख्या कुत्र्याला वाहत्या पाण्याची ओळख करून द्यायला ती उत्तम. फक्त उतरवण्याची जागा मोरीच्या वरच्या अंगाला नको. खालच्या अंगाला निदान शंभर पावलं मोकळी असावीत.

पाटोद्याची_ताई
पाझर तलाव चांगला पर्याय आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खोदलेले असे तलाव आपल्याकडं गावोगाव आहेत आणि बांधाच्या विरुद्ध बाजूला उतार सावकाश असतो. पण कुत्रं नेण्याआधी स्वतः जाऊन बघावं. हातात ५-६ फुटांची काठी घ्यायची आणि काठापासून आत टोचत जायचं.

मुरूम किंवा खडक लागला तर बरं. काळ्या मातीचा गाळ असेल तर काठी हातभर आत जाते, तिथं कुत्र्याचे पाय रुततात आणि घाबरून ते अजून खोल जातं. जुनी बुडालेली बाभळीची झुडपं, मच्छीमारांची जाळी, तुटलेले गळ हेही बघा. जाळ्यांचे तरंगते थर्मोकोल किंवा बाटल्या दिसल्या तर तो काठ सोडून द्या. माती काढायला जेसीबी लावलेला असेल तर गुडघाभर पाण्यातून एकदम पुरुषभर खड्डा लागतो. नदीतल्या वाळूउपशाच्या खड्ड्यांचंही तसंच.

कारवानप्रेमी
कारवानबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लॅबला लावलेला हिशोब कारवानला लावू नका.

कारवान धावण्यासाठी घडलेलं कुत्रं. अंगावर चरबी जवळजवळ नाही, छाती खोल आणि अरुंद, पोट आत गेलेलं, पाय लांब आणि बारीक. चरबी तरंगायला मदत करते, ती नसल्यामुळे मागचा भाग लवकर खाली जातो. एकेरी आखूड केस आणि पातळ कातडी, म्हणून थंडीही लवकर वाजते. डिसेंबर-जानेवारीत पाणी नकोच, आणि उन्हाळ्यातसुद्धा सकाळी विहिरीचं ताजं थंड पाणी भरलेल्या हौदात ५ मिनिटांपेक्षा जास्त नको. अंग थरथरणं, पाठ वाकवणं, काठाकडं सारखं बघणं दिसलं की बाहेर काढून कोरडं पुसा.

या मादीला जॅकेट सुरुवातीपासून घाला. आणि तिला पाणी आवडलंच नाही तर जबरदस्ती नको. बऱ्याच कारवानांना पोटाला लागेल इतक्या पाण्यात उभं राहायला आवडतं, तेवढ्यानं गारवा मिळतो.

बाभूळबन
गावातली कुत्री गोदावरी पार करून पलीकडं जातात की. त्यांना कुणी जॅकेट घातलं?

गोठा_दवाखाना
ती पिल्लू असल्यापासून आईमागं काठावरच्या पाण्यात जातात, रोज थोडी थोडी सवय होते, आणि उतरायची-निघायची जागा त्यांना पाठ असते. नेमकं हेच आपण पाळीव कुत्र्याला शिकवायचं. जी पार करू शकली नाहीत ती आपल्याला दिसत नाहीत, म्हणून सगळीच पार करतात असं वाटतं.

पाटोद्याची_ताई
शिकवण्याचा क्रम लिहिते.

आधी जेवण आणि पाण्यात उतरणं यांत किमान २ तासांचं अंतर ठेवा. खोल छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी दमछाक झाली तर जठर फुगून पिळा बसण्याचा धोका असतो, आणि कारवान व जर्मन शेफर्ड खोल छातीचेच. गळ्यातला पट्टा आणि साखळी काढा, छातीचा हार्नेस घाला. हार्नेसला तरंगणारा दोर, ८ ते १० मीटर, गाठ नसलेला. दोर स्वतःच्या हाताला गुंडाळू नका.

पहिले काही दिवस कोपरापर्यंतच्याच पाण्यात चालवा. तुम्हीही पाण्यात उतरा, कुत्र्याला पुढं ढकलू नका. खाऊ पाण्यातच द्या, काठावर नाही. पाण्यात शांत उभं राहायला लागलं की छातीपर्यंत न्या. पाय सुटण्याची वेळ आली की एक हात पोटाखाली, मांड्यांच्या थोडं पुढं, आणि मागचा भाग वर उचलून धरा. बहुतेक कुत्र्यांना आधार तिथंच लागतो. पंजे पाण्याखाली चालायला लागले की आधार हळूहळू कमी करा.

प्रत्येक वेळी तोंड काठाकडं असताना पोहू द्या. म्हणजे पहिलं पोहणं हे कायम बाहेर पडण्याचंच असेल. दोन मीटर, मग चार. त्यानंतर वेगवेगळ्या बाजूंनी त्याच निघण्याच्या जागेकडं आणा. काठावर एक ठळक खूण ठेवा, रंगीत कापड लावलेली काठी. कुत्रं घाबरलं तर त्याला ती दिसते. पहिल्या महिन्यात सलग पोहणं एकदोन मिनिटांचंच, मग बाहेर काढून विसावा.

उचलून फेकणं मात्र कधीच नाही. नाकात पाणी गेलेलं कुत्रं परत पाण्याजवळ येत नाही, आणि तुमच्याजवळही यायला कचरतं.

सातारा_परिसर
माझा पग हे वाचून खूश झाला असेल. तो काठावर पंच म्हणून बसेल, छत्री आणि पाण्याचा वाडगा एवढीच त्याची मागणी.

गोठा_दवाखाना
सातारा_परिसर, पंचाला सावलीतच ठेवा, उन्हात काठावर बसूनही पगला उष्माघात होतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश. ४१ च्या पुढं गेलं की जिवाशी गाठ. जीभ गडद लाल, लाळ घट्ट, चालताना झोकांड्या, अशी लक्षणं दिसली की आधी गार करा, मग गाडीत घाला. नळाचं पाणी अंगावर सतत ओता आणि पंखा लावा. ओलं गोणपाट पाठीवर टाकून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. ते जमिनीवर अंथरा आणि कुत्र्याला वर झोपवा. तापमान ३९.५ च्या आसपास आलं की थांबा. दवाखान्यात तरीही न्यायचंच.

तेरणामाय
एक वेगळं बोलते, वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडं मार्चपासून टँकर सुरू होतात. माणसाला आठ दिवसांतून पाणी येतंय, तिथं कुत्र्याच्या पोहण्यावर इतकी चर्चा योग्य वाटत नाही.

पाटोद्याची_ताई
तेरणामाय, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि टँकरच्या गावात तलावाची गोष्टच नको. पण तिथल्या कुत्र्यालाही ऊन तितकंच लागतं. उथळ टब, ६ इंच पाणी, सावलीत. कुत्र्यानं पंजे आणि पोट भिजवलं की पुरे, कारण उष्णता बाहेर पडायला पंजे आणि केस नसलेलं पोट सगळ्यात सोयीचं. तेच पाणी संध्याकाळी झाडाला. एका टबात चाळीस-पन्नास लिटर जातं, घरातलं धुण्याचं शेवटचं साबण नसलेलं पाणीही चालतं.

तेरणामाय
हे जमण्यासारखं आहे. सिमेंटच्या पाटीतही होईल.

येलदरी
जॅकेटबद्दल. मापं तीन घ्या: मानेचा घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर, आणि मानेच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी. छातीचा घेर सगळ्यात महत्त्वाचा, वजनावरून घेऊ नका. २९ किलोचा लॅब आणि २९ किलोचा कारवान यांना एकच जॅकेट बसत नाही. कारवानला छातीला बसलं की पोटाला ढिलं पडतं, म्हणून पोटाचा पट्टा वेगळा आवळता येणारं बघा.

पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तीन जात असतील तर ढिलं. पाठीवर मजबूत मूठ हवी. घरी कोरड्यात मूठ धरून कुत्र्याला अलगद वर घ्या. जॅकेट मानेकडं सरकलं, कुत्रं खाली निसटायला लागलं तर ते जॅकेट परत करा. रंग नारिंगी किंवा पिवळा, हिरवा नको. हनुवटीखाली तरंगणारी गादी असेल तर मान वर राहायला मदत होते. लहान मुलांचं जॅकेट कुत्र्याला चालत नाही, त्याचा फोम छातीवर असतो आणि कुत्रं त्यावर उलटं होतं.

जॅकेट घातलं म्हणून कुत्र्यावरची नजर हटवायची नाही. ते तरंगवतं, बाहेर काढत नाही.

गोदाकाठ_नांदेड
चेंडू फेकून पाण्यात खेळवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. कुत्रं तोंड उघडं ठेवून पोहतं, प्रत्येक वेळी चेंडू पकडताना घोटभर पाणी पोटात जातं. लॅबसारखं थांबायचं माहीत नसलेलं कुत्रं अर्ध्या तासात इतकं पाणी गिळतं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. पोट फुगणं, उलटी, भरपूर लाळ, झोकांड्या, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, शेवटी झटके. हे तासा-दोन तासांत जीव घेऊ शकतं आणि घरी उपाय नाही, थेट दवाखाना.

गोल चेंडूऐवजी चपटी, तरंगणारी वस्तू घ्या, तोंड कमी उघडावं लागतं. दर १०-१५ मिनिटांनी बाहेर काढा, लघवीला फिरवा, मग पुन्हा. पाइपच्या फवाऱ्यात तोंड घालणाऱ्या कुत्र्यांनाही हेच लागू.

दुधनाकाठ
हे अजिबात माहीत नव्हतं. लॅबला चेंडूचंच वेड आहे. पाण्याच्या गुणवत्तेचं काय? पाझर तलावाचं पाणी मे महिन्यात हिरवं होतं.

गोठा_दवाखाना
हिरवं पाणी दोन प्रकारचं. धाग्यासारखं शेवाळ, काठीला लटकून वर येतं, ते सहसा निरुपद्रवी. दुसरं निळं-हिरवं, सांडलेल्या रंगासारखा थर किंवा बारीक कण दिसतात, वारा ज्या काठाकडं असतो तिथं साचतात, कुबट वास येतो. यातले काही सायनोबॅक्टेरिया यकृतावर किंवा मज्जातंतूंवर विष सोडतात. पाणी उकळून ते विष जात नाही आणि त्यावर उतारा नाही. उलटी, थरथर, अशक्तपणा काही मिनिटांतही सुरू होऊ शकतो. कुत्रं चुकून उतरलं तर अंग चाटण्याआधी स्वच्छ पाण्यानं धुवा, कारण बरंचसं विष केसांवरून चाटून पोटात जातं. संशय असेल तर तो तलाव बंद.

लेप्टोस्पायरोसिसची लस घेतली आहे का ते पुस्तिकेत तपासा. ‘सर्व लसी झाल्या’ म्हणताना बऱ्याचदा हीच राहिलेली असते. दोन डोस, २ ते ४ आठवड्यांच्या अंतरानं, मग दरवर्षी. उंदीर-घुशींच्या लघवीतून पाण्यात येणारा हा आजार माणसालाही होतो, त्यामुळे तापलेल्या, पिवळ्या पडलेल्या कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला.

नाकाच्या एकाच बाजूनं अधूनमधून रक्त येत असेल तर जळू आत गेलेली असू शकते. हातानं ओढू नका, मीठ घालू नका, दवाखान्यात काढून घ्या.

सिंदफणा_शेती
शेतातली एक गोष्ट सुटली. फवारणीचा पंप जिथं धुतात ते डबकं, आणि ठिबकच्या खताची टाकी. कुत्रं दोन्हीकडं तोंड घालतं. टाकीला झाकण, आणि पंप धुण्याची जागा पाण्यापासून लांब.

दुसरी बाजूही बघा. गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध लावलं असेल तर आधी आणि नंतर निदान ४८ तास पाणी नको. औषध धुऊन जातं, आणि फिप्रोनिलसारखी औषधं पाण्यातल्या किड्यांना घातक असतात. मत्स्यपालनाच्या तळ्यात तर विचारूनच उतरवा.

गोदाकाठ_नांदेड
थोडं विषयांतर. नाथसागरच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) पाणलोटावर काही जण कुत्री मोकळी सोडतात. ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित आणि बदकं उथळ काठावरच चरतात, आणि कारवानला पळणारं काहीही दिसलं की हाक ऐकू येत नाही. तिथं नको.

कारवानप्रेमी
पूर्ण सहमत. कारवान पाण्याजवळ कायम लांब दोरावरच. ससा दिसला तर ती कालवाही बघत नाही.

बाभूळबन
बरं, जॅकेटचं मान्य. पण खरा धोका विहिरीचा. कठडा नसलेल्या विहिरी आपल्याकडं किती आहेत. कुत्रं पडलं तर काय करायचं ते लिहा.

येलदरी
चांगला प्रश्न. सगळ्यात आधी मोटारीचा स्टार्टर बंद करा आणि फ्यूज काढा. केबल सोललेली असेल तर पाण्यात वीज उतरलेली असते, कुत्र्यामागं उतरणारा माणूसच जातो. सात-आठ परस, म्हणजे सात-आठ पुरुष खोल विहिरीत पोहणारा माणूसही उडी मारून कुत्र्याला वाचवू शकत नाही, बुडणारं कुत्रं डोक्यावर चढतं.

बाज आणा. चारही कोपऱ्यांना सारख्या लांबीचे मजबूत दोर बांधा, चार माणसं चार बाजूंना. बाज पाण्यापर्यंत सोडा आणि कुत्र्याकडची कड वीतभर पाण्याखाली जाईल इतकी तिरकी करा. कुत्रं स्वतः पुढचे पाय टाकतं. चढलं की आधी चारी कोपरे समपातळीत आणा, मग एका तालात वर. आरडाओरडा करू नका, एकाच ओळखीच्या माणसानं बोलावं. बाज येईपर्यंत तरंगणारं काहीतरी दोरानं सोडा, रिकामं झाकणबंद कॅन किंवा ट्यूब. कुत्र्याला ते धरता येत नाही, पण पुढचे पाय टेकवून दम घेता येतो. अग्निशमन दल १०१ किंवा ११२ ला लगेच फोन करा, जमेल तसं नंतर नाही.

गोठा_दवाखाना
बाहेर काढल्यावर: श्वास चालू असेल तर उजव्या कुशीवर झोपवा, डोकं थोडं खाली, तोंडातला गाळ बोटानं काढा. मागचे पाय धरून गरगर फिरवण्याची जुनी पद्धत वापरू नका, त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुप्फुसात उतरतं.

श्वास नसेल तर तोंड बंद धरून नाकातून श्वास द्या, छाती वर येताना दिसली पाहिजे. हृदयाचे ठोके लागत नसतील तर ३० दाब, मग २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० दाबांच्या वेगानं. दाब कुठं द्यायचा हे छातीवर अवलंबून: कारवानसारख्या अरुंद छातीला कोपराच्या मागं थेट हृदयावर, लॅबसारख्या गोल छातीला सगळ्यात रुंद भागावर. छाती एकतृतीयांश ते निम्मी दबली पाहिजे.

आणि उठून शेपटी हलवायला लागलं तरी दवाखान्यात न्या. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही सुरू होतो. खोकला, झोपेतही वेगानं श्वास, हिरड्या फिक्या किंवा निळसर, हे बघत राहा.

सातारा_परिसर
कान कसे कोरडे करायचे? लॅबचे कान लोंबते असतात.

पाटोद्याची_ताई
मऊ सुती कापड बोटाला गुंडाळून, बोट जाईल तितकंच आत. कानकोरणं किंवा काडीचा कापूस नको. पशुवैद्यकानं दिलेलं कान धुण्याचं द्रावण टाका, बुडाशी चोळा आणि कुत्र्याला डोकं झटकू द्या. तेल टाकू नका, आत ओलावा कोंडतो आणि बुरशी वाढते. डोकं एका बाजूला कलतं, वास येतो, खाजवतं, म्हणजे संसर्ग सुरू झाला. काख, जांघ आणि गळ्याखालचे केसही पूर्ण सुकवा, ओला पट्टा परत घालू नका.

गोदाकाठ_नांदेड
लॅबवाल्यांनी शेपटीकडंही बघा. बऱ्याच दिवसांनी एकदम खूप पोहलं, त्यातही पाणी थंड असेल, तर दुसऱ्या दिवशी शेपटी बुडापासून दोन-तीन इंच आडवी आणि मग मेल्यासारखी लोंबते. हात लावला की विव्हळतं. हाड मोडलंय असं वाटतं, पण बहुतेकदा स्नायू आखडलेले असतात आणि विश्रांतीनं काही दिवसांत बरं होतं. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, कुत्र्याला ती विषारी ठरतात.

दुधनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं असं: सुरुवात शेतातल्या शेवटच्या चारीत, मग काठी टोचून तपासलेल्या पाझर तलावात मुरमाच्या बाजूनं. शेततळं बंद. लेप्टोची लस पुस्तिकेत दिसत नाही, उद्याच विचारतो, आणि दुसरा डोस होईपर्यंत तलाव नाही. शेततळ्याच्या कुंपणाबद्दल एवढंच विचारायचं राहिलं, खालून कुत्रं शिरणार नाही असं कसं करावं?

मांजराकाठ
जाळी सरळ जमिनीपर्यंत आणून थांबवली तर काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खाली फट पडते. जाळीची खालची दीड फूट पट्टी बाहेरच्या बाजूला, जमिनीवर आडवी वळवा आणि त्यावर मुरूम टाकून दाबा. उकरणारं कुत्रं कुंपणाच्या बुडाशीच उकरतं, तिथं त्याला जाळी लागते आणि ते सोडून देतं. फाटकाखाली सिमेंटचा उंबरा करा. फाटक आपोआप बंद होईल असं किंचित आत कलतं बसवा.

सिंदफणा_शेती
आणि पंपाचा पाइप जिथून कुंपण ओलांडतो, ती जागा तपासा. तिथं हमखास वीतभर भोक राहतं.